विश्लेषण : एका परिचारिकेकडे किती रुग्ण? हा आकडा जीवन-मरणाचा का ठरतो?

रुग्णालयात खाटा किती, डॉक्टर किती, यंत्रे किती याची चर्चा नेहमी होते. रात्रपाळीत वॉर्डात प्रत्यक्ष किती परिचारिका होत्या, हे मात्र क्वचितच विचारले जाते. रुग्ण वाचण्याशी या आकड्याचा थेट संबंध असल्याचे परिचर्या क्षेत्रातील संशोधन वीस वर्षांहून अधिक काळ सांगत आहे. तरीही भारतात हा प्रश्न परिचारिकांच्या मागण्यांच्या यादीतच अडकून पडला आहे. वास्तविक तो रुग्णसुरक्षेचा प्रश्न आहे.

हे मोजायला सुरुवात कधी झाली?

आजारपणाचा हिशेब ठेवणे हे परिचर्येचे जुनेच काम. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक दगावले, हे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी आकडे आणि आलेख मांडून दाखवले. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

परिचारिकांच्या संख्येबाबतचा गाजलेला अभ्यास २००२ चा. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालये निवडली. दहा हजारांहून अधिक परिचारिकांना प्रश्नावली पाठवून प्रत्येकीकडे किती रुग्ण होते, हे विचारले. त्याला शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २ लाख ३२ हजार रुग्णांच्या नोंदींची जोड दिली. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे आढळले. २०१४ मध्ये नऊ युरोपीय देशांतील ३०० रुग्णालयांच्या अभ्यासातही जवळपास तोच आकडा आला.

७ टक्के म्हणजे नेमके किती?

इथे गल्लत होते. शंभरातले सात रुग्ण जास्त दगावतात, असा याचा अर्थ नाही. मुळात शंभरातले दोन रुग्ण दगावत असतील, तर ते प्रमाण साधारण २.१४ पर्यंत जाते. एका वॉर्डात हा फरक जाणवणारही नाही. पण तो दर वाढीव रुग्णामागे वाढत जातो. एका परिचारिकेकडे चारऐवजी आठ रुग्ण असतील, तर शक्यता ३१ टक्क्यांनी वाढते. लाखो रुग्णांच्या हिशेबात ही माणसे मोजण्याइतकी मोठी असतात.

पण संबंध दिसला म्हणजे कारण सापडले का?

नाही. जिथे परिचारिका कमी, तिथे पैसा आणि साधनेही कमी असू शकतात. मग दोष कशाला द्यायचा? रुग्णांना चिठ्ठ्या टाकून कमी परिचारिकांच्या वॉर्डात पाठवणे नीतीला धरून नाही. त्यामुळे औषधांसारखी चाचणी इथे घेणे अवघड.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने वाट काढून दिली. तेथे २०१६ पासून ठरावीक सरकारी रुग्णालयांत दिवसा चार रुग्णांमागे आणि रात्री सात रुग्णांमागे किमान एक परिचारिका बंधनकारक झाली. नियम लागू झालेली २७ आणि न झालेली २८ रुग्णालये आधी व नंतर तपासली गेली. परिचारिकेमागील रुग्णांची संख्या जिथे घटली, तिथे मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाणही घटले. वाचलेला खर्च वाढीव परिचारिकांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक होता, असे २०२१ मध्ये मांडले गेले. ‘परवडत नाही’ या सबबीला हे उत्तर आहे.

हात कमी पडले की काय राहते?

इंजेक्शन सहसा राहत नाही, कारण त्याची नोंद होते. राहते ते नजर ठेवणे. रुग्णाची कूस बदलणे, लघवीचे प्रमाण पाहणे, श्वास मोजणे, घरी जाताना औषधे नीट समजावणे. शस्त्रक्रियेनंतर घसरणारा रक्तदाब सर्वप्रथम परिचारिकेच्या लक्षात येतो. तो तासभर उशिरा कळला, तर डॉक्टर कितीही निष्णात असून भागत नाही.

भारतातील निकष काय सांगतात?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण रुग्णालयातील सामान्य वॉर्डात तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. रजेसाठी ३० टक्के जादा. ऐकायला हे ऑस्ट्रेलियाहून सरस वाटते. मात्र हा हिशेब एकूण पदांचा आहे. ३० खाटांसाठी दहा परिचारिका तीन पाळ्यांत विभागल्या, की पाळीत तीनच उरतात. म्हणजे एकीकडे नऊ-दहा खाटा. त्यात रिक्त पदे आणि जमिनीवर गाद्या टाकून ठेवलेले रुग्ण धरले, की कागदावरचे प्रमाण वॉर्डात उरत नाही.

शिवाय भारतात हा तुटवडा नातेवाईक झाकतात. ‘सिस्टर, सलाईन संपलं’ म्हणत धावणारा मुलगा कोणत्याच नोंदवहीत नसतो.

मग इथले संशोधन कुठे आहे?

परिचर्या महाविद्यालयांत दरवर्षी प्रबंध होतात. बरेचसे एकाच साच्याचे. पन्नास-साठ जणांना प्रश्नावली द्यायची, व्याख्यान द्यायचे, पुन्हा तीच प्रश्नावली द्यायची, गुण वाढले की निष्कर्ष तयार. व्याख्यान ऐकल्यावर लगेच गुण वाढणारच. त्याने रुग्णाच्या पाठीवरच्या जखमा कमी झाल्या का, हे कळत नाही. दोष विद्यार्थिनींचा नाही. वेळ थोडा, वॉर्डातील नोंदी मिळत नाहीत, आणि रुग्णालयाला अडचणीचा प्रश्न विचारायला परवानगी कोण देणार?

काय करता येईल?

सुरुवात खर्चिक नाही. प्रत्येक पाळीत किती परिचारिका आणि किती रुग्ण होते, हे परिसेविका रोज लिहितेच. तो आकडा वॉर्डाच्या दारावर लावावा आणि दरमहा जाहीर करावा. त्याच्या शेजारी पाठीवरच्या जखमा, पडण्याच्या घटना आणि मृत्यू मांडावेत. मग प्रबंधांना खरा विषय मिळेल आणि भरतीच्या मागणीला पुरावा.

१९४७ चा परिचर्या परिषद कायदा बदलून २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. आयोगाने निकष मंजूर पदांऐवजी पाळीतील हजेरीवर आणि खाटांऐवजी रुग्णांवर मोजायला लावले, तर हा बदल कागदापुरता राहणार नाही. दर १२ मे रोजी परिचारिकांना गुलाब दिले जातात. नाइटिंगेल यांच्या त्या जयंतीला हजेरीचा खरा आकडा जाहीर करणे अधिक शोभून दिसेल.