वाटणी होते, लेक कोठे जाते?

सुगी आटोपली, ज्वारी घरात आली आणि गावची जत्रा पार पडली की आमच्या खेड्यांतून एक निराळाच हंगाम सुरू होतो. तो वाटणीचा हंगाम. भावाभावांचे पटेनासे झालेले असते, सुनांच्या चुली वेगळ्या झालेल्या असतात आणि म्हातारा बाप ओसरीवर बसून म्हणतो, "माझ्या डोळ्यांदेखत काय ते वाटे पाडा, म्हणजे मी सुटलो." मग पंच जमतात, पानसुपारी होते आणि कागद लिहावयास व वाचावयास शाळेच्या मास्तरास बोलावणे येते. अशा पुष्कळ बैठकींत आम्ही बसलो आहो. तेथे जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे असे आम्हांस वाटते.

आमच्या शेतकऱ्याची वाटे पाडण्याची जुनी रीत मूर्खपणाची नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. थोरल्याने वाटे पाडावे आणि धाकट्याने आधी उचलावा, म्हणजे वाटे पाडणाराच्या मनात पाप राहत नाही. काळी कोणाला, माळ कोणाला यावरून तंटा होऊ लागला तर चिठ्ठ्या टाकाव्या. विहिरीच्या पाळ्या ठराव्या. बैलजोडी एकास गेली तर गाय व शेळ्या दुसऱ्यास द्याव्या. तांब्यापितळेची भांडी तोलावी, कडब्याच्या पेंढ्या मोजाव्या, बांधावरचा आंबा सामाईक ठेवावा, आणि सोसायटीचे कर्ज असेल तर तेही वाट्यागणिक फोडावे. इतका बारीक हिशेब कचेरीतला कारकूनही करणार नाही. परंतु या बारीक हिशेबात घरातल्या दोन माणसांचे नाव कोणी घेत नाही. एक घरची म्हातारी आणि दुसरी घरची लेक.

येथे आम्हांस आमचीच एक चूक सांगावयाची आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या गावच्या एका शेतकऱ्याने आपली वडिलार्जित सात एकर जमीन वाटली. मुलगे तीन, मुली दोन. लेकी राखीपौर्णिमेस माहेरी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भावांनी त्यांस जीपमध्ये बसवून तालुक्यास नेले. आम्हीही बरोबर होतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली आम्ही कागद वाचून दाखविला. ते हक्कसोडपत्र होते. धाकटी म्हणाली, "गुरुजी, यात काय लिवलंय?" आम्ही म्हणालो, "भावांच्या नावावर जमीन करायची आहे, बाई." हे खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. 'तुझा एक एकर तू आज सोडून देत आहेस' हे वाक्य आमच्या तोंडून निघाले नाही. तिने सही केली आणि साक्षीदार म्हणून आम्हीही केली. भावांनी दोघींना साड्या घेतल्या, हॉटेलात भजी व चहा झाला आणि सर्व मंडळी हसतमुखाने परत आली.

पुढे दोन वर्षांनी त्या धाकटीचा नवरा वारला. दोन पोरे घेऊन ती माहेरी आली. आज ती गोठ्याशेजारच्या पडवीत राहते आणि भावाच्या शेतात रोजाने खुरपायला जाते. ज्या रानात तिने लहानपणी पाखरे राखली, त्याच रानात संध्याकाळी भाऊ तिच्या हातावर मजुरी ठेवतो. म्हातारा परवा आम्हांस म्हणाला, "गुरुजी, म्या वाटणी केली आन् माझीच लेक मजुरीला लावली." आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण त्या कागदावर आमचीही सही आहे.

कोणी म्हणेल, लेकीचा हक्क होता कोठे? तर कायदा काय सांगतो ते ऐका. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याने लेकीस बापामागे वारस ठरविले, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क मुलग्यांचाच राहिला. १९९४ साली महाराष्ट्राने हा हक्क लेकीसही दिला, मात्र आधी लग्न होऊन गेलेल्या मुली बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशासाठी कायदा सुधारला आणि लेक, मग ती लग्न झालेली असो वा नसो, मुलग्याइतकीच जन्मतः हक्कदार झाली. त्या दिवशी बाप हयात असला पाहिजे की काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटविला. असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झाली असेल तरच तिला धक्का लागत नाही. नुसत्या "तोंडी वाटणी कधीच झाली आहे" या बोलण्यावर लेकीचा वाटा बुडविता येत नाही. बाप मृत्युपत्र करील म्हणावे, तर स्वतः कमावलेले तो कोणासही देऊ शकेल. वडिलार्जितात मात्र आपल्या वाट्यापुरतेच लिहू शकेल. लेकीचा वाटा त्याचा नव्हेच, मग तो देणार कोठून आणि नाकारणार कोठून?

आता सर्वांत मोठा आक्षेप. "मास्तर, लेकींना वाटे दिले तर जमिनीचे तुकडे तुकडे होतील." हे बोलणारे आमचे शत्रू नाहीत, त्यांची अडचण खरी आहे. आम्ही सातवीच्या मुलांस एक उदाहरण घालीत असतो. तीनशेतीस फूट लांब व तितकेच रुंद एक चौकोनी शेत आहे, म्हणजे शंभर गुंठे. चार भावांनी त्याचे उभे पट्टे केले. पुढे प्रत्येकाच्या तीन मुलांनी आपापला पट्टा फोडला. पट्टे बारा झाले, रुंदी साडेसत्तावीस फूट, आणि मध्ये तीन तीन फुटांचे अकरा बांध. बांधांखाली जमीन किती गेली? मुले पाटीवर गणित करून सांगतात, दहा गुंठे. दहावा हिस्सा शेत गवताला गेले आणि औत वळवावयास जागा उरली नाही. वाचकहो, या गणितात एक तरी लेक आहे काय? हे बारा तुकडे सगळे मुलग्यांनीच केले. चौथ्या मुलग्यास "तुझ्यामुळे तुकडे होतात, तू हक्क सोड" असे कोणी बाप म्हणत नाही. तुकड्यांची आठवण लेक दारात आली म्हणजेच का व्हावी?

हे आमचे पदरचे बोलणे नव्हे. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी केली व ती १९१७ साली छापली. १७७१ साली त्या गावी सरासरी धारणा चाळीस एकरांची होती, ती १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आली होती. १५६ जमीनधारकांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते आणि त्यांतील ४६३ एका एकराहूनही लहान होते. या सबंध काळात मुलगा असताना लेकीस बापाच्या जमिनीत हिस्सा नव्हता. तरी चाळिसाचे सात झालेच! त्याच गावाचे आकडे समोर ठेवून १९१८ साली डॉ. आंबेडकरांनी लिहिले की, दुखणे नुसत्या वारसाहक्काचे नाही. शेतीवर माणसांचा भार फार झाला आहे, त्यांस दुसरा धंदा मिळाला पाहिजे. आज त्या पिंपळे सौदागरात उंच इमारती उभ्या आहेत. म्हणजे दोष माणसांस दुसरे काम न मिळण्याचा, आणि दंड भरावयाचा लेकीने, असा हा न्याय आहे.

शिवाय हक्क देणे म्हणजे शेत कापणेच नव्हे. १९४७ सालच्या तुकडेबंदीच्या कायद्यातही, जेथे वाटा फारच लहान होतो तेथे जमिनीऐवजी पैशाने भरपाई करण्याची वाट आहे. लेकीचा वाटा सामाईक ठेवून तिला दर साल उत्पन्नाचा हिस्सा द्यावा, किंवा ठरवून किंमत द्यावी, हप्त्याने द्यावी. विचारून, समजावून आणि मोबदला देऊन तिने हक्क सोडला तर आमचे काही म्हणणे नाही. साडी आणि भजी हा एका एकराचा मोबदला नव्हे.

"वाटा मागितला तर माहेर तुटेल" असेही म्हणतात. खरे आहे, पुष्कळ लेकी याच भयाने सही करतात. पण जे माहेर एका सहीवर उभे आहे ते माहेर कसले? आणि "तिला लग्नात दिले की" म्हणणारांनी सांगावे, हुंडा कोणाच्या घरी गेला? लेकीच्या हाती त्यातले काय राहिले?

म्हातारीचेही तसेच. नवरा व मुलगे वाटणीस बसले म्हणजे बायकोस मुलग्याइतका वाटा मिळावा, असे आमच्या मुलखातील हिंदू कायद्यात पूर्वीपासून आहे. पण ती चुलीपुढे चहा करीत असते आणि बाहेर तिचे महिने वाटले जातात, चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे. जिने ते रान निंदून पोटी लावले, तीच भांड्यांच्या यादीप्रमाणे वाटली जाते. आणि बाप सर्व वाटून मोकळा झाला म्हणजे आपल्याच घरी पाहुणा होतो.

म्हणून शेतकरी बंधूंनो, आमचे सांगणे थोडके आहे. वाटणी हयातीत करा, पण आधी घरातली माणसे मोजा, मग एकर मोजा. वर सांगितलेल्या सात एकरांत आईबाप, तीन मुलगे व दोन लेकी मिळून सात माणसे होती, एकेकास एक एकर येत होता. स्वतःचा व बायकोचा वाटा हाती राखा. कोऱ्या कागदावर पंचांच्या अंगठ्यांनी वाटणी करू नका. सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटप करून घेता येते, आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णयही सरकारने २०२५ साली घेतला आहे. पाणंद, विहिरीची पाळी व कर्ज यांचा उल्लेख दस्तात करा.

आणि आमच्या मास्तर बंधूंनो, लिंबाखाली कागद वाचावयाची पाळी तुमच्यावरही येईल. तेव्हा तो सावकाश वाचा, आणि "यात काय लिवलंय?" असे लेकीने विचारले तर सगळे सांगा. आम्ही सांगितले नाही. ती बाई रोज सकाळी खुरपे घेऊन शाळेवरून जाते आणि आम्हांस "रामराम गुरुजी" म्हणते.