पहिला बघितल्याशिवाय दुसरा कळेल का?

गेल्या वीकेंडला कळंबला गेलो होतो. शुक्रवारी संध्याकाळी नाशिक फाट्यावरून एसटी पकडायची, चाकणच्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घालायच्या आणि मंचर गेलं की बॅग मांडीवर घेऊन बसायचं, हे आता इतकं पाठ झालंय की झोपेतसुद्धा बरोबर उतरेन. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर चुलतभावाने टीव्हीवर 'धडक २' शोधून काढला आणि विचारलं, "दादा, पहिला बघितल्याशिवाय दुसरा कळेल का?"

मला हसूच आलं. कारण 'धडक २' (२०२५) हा 'धडक'चा (२०१८) पुढचा भाग नाहीच. 'धडक' हा 'सैराट'चा (२०१६) हिंदी रिमेक, आणि 'धडक २' हा मारी सेल्वराजच्या 'परियेरुम पेरुमाल' या २०१८ च्या तमिळ सिनेमाचा. म्हणजे एका रिमेकचा सीक्वेल, जो सीक्वेल नाहीच, दुसऱ्याच सिनेमाचा रिमेक आहे! आमच्याकडे कोणी असं व्हर्जन नंबरिंग केलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवला असता :)

पण त्या प्रश्नाने डोक्यात किडा सोडला. रिमेक आणि सीक्वेल बघून आपण बहुतेक वेळा हिरमुसले होऊन का बाहेर पडतो? "कल्पना संपल्यात, नुसते पैसे छापतात" हे उत्तर तयार असतं, पण मला ते पटत नाही. पैसे तर पहिल्या सिनेमालाही हवेच असतात.

थोडं ऑफिसचं सांगतो. (नॉन-आयटी मंडळींनी हा पॅरा सोडला तरी चालेल, पण सोडू नका.) मागे एका क्लायंटचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही नव्याने लिहायला घेतलं. जुना कोड म्हणजे भयंकर प्रकार. त्यात एक अट होती, की अमुक प्रकारची ऑर्डर रात्री दहानंतर आली तर ती दुसऱ्या दिवसाची धरायची. का? कुणालाच माहीत नाही. ज्याने लिहिली तो कधीच सोडून गेलेला. आम्ही हुशार लोक, आम्ही ती ओळ काढून टाकली. नवा स्क्रीन सुंदर, सगळं चकाचक, डेमोला टाळ्या. आणि पहिल्याच महिनाअखेरीस हिशोब लागेना. सगळा डोलारा त्या एका कुरूप ओळीवर उभा होता.

रिमेकवाले नेमकं हेच करतात असं माझं मत आहे. वरून जे दिसतं ते उचलतात, म्हणजे कथा, गाणी, गाजलेले प्रसंग. आणि जी ओळ अडचणीची वाटते ती साफ करतात.

'सैराट'मधली ती ओळ म्हणजे जात. पाटलाची मुलगी आणि खालची मानलेल्या जातीतल्या, मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, तिचा भाऊ भर वर्गात शिक्षकाच्या कानाखाली वाजवतो. हे सगळे प्रसंग मजेचे म्हणून किंवा हिरोगिरी म्हणून येत नाहीत. या गावात कुणाला काय करायची मुभा आहे, ते तुम्हाला पहिल्या तासातच न सांगता सांगितलेलं असतं. म्हणून शेवट येतो तेव्हा धक्का बसतो, पण आश्चर्य वाटत नाही. 'धडक'ने गोष्ट करमाळ्याच्या बाजूच्या रानातून उचलून उदयपूरला नेली, राजवाडे, तलाव, छान कपडे. 'झिंगाट'सुद्धा सोबत नेलं. जात मात्र एखाद-दुसऱ्या वाक्यापुरती उरली. माझ्या टीममधल्या एकीने फक्त 'धडक' बघितलाय. तिला शेवट "एकदम रँडम" वाटला. तिचं काही चुकलं नाही. अट काढून टाकल्यावर आऊटपुट रँडमच वाटणार.

आता तुम्ही म्हणाल, मग रिमेक करूच नये का? तसं मुळीच नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'चा (१९६६) रिमेक आहे हे किती जणांना माहीत असतं? मला कॉलेजपर्यंत माहीत नव्हतं. पण पुण्यात बिनलग्नाच्या पोराला भाड्याने जागा मिळत नाही ही अडचण तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. (पिंपळे सौदागरमध्ये मला तीन ठिकाणी "फॅमिली आहे का?" असं विचारून दार लावून घेतलंय. साडी नेसायची तेवढी बाकी होती.) हिंदीत हीच गोष्ट 'पेइंग गेस्ट्स' (२००९) म्हणून परत आली, ती थेट थायलंडला. जाऊ द्या.

आणि 'पिंजरा' (१९७२)! मूळ जर्मन, १९३० चा 'द ब्लू एंजल'. शिस्तीचा प्रोफेसर नाचणारीच्या नादी लागून धुळीला मिळतो. शांतारामबापूंनी तो सरळ तमाशाच्या फडात आणून बसवला. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. इथला मास्तर मेला असं गाव समजतं, त्याचा पुतळा उभारतं, आणि पुढे त्याच मास्तरवर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो. खरं सांगितलं तर गावासमोरचा आदर्श मोडतो, म्हणून तो गप्प राहतो. हा पेच मूळ सिनेमात नाहीच. माणूस मोठा की त्याचा पुतळा, हा अगदी आपल्याकडचा प्रश्न आहे.

तमाशाचा विषय निघालाच आहे तर, आमच्या शेजारचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाईंचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. आमच्या आजोबांनी एकच वग किती वेळा बघितला असेल देव जाणे. मी एकदा विचारलं होतं, कंटाळा नाही का येत? म्हणाले, "वग तोच आसतो रे, गाव दुसरं आसतं." सोंगाड्या त्या गावच्या सरपंचाला टोमणा मारणार, तिथल्या रस्त्यावर, पाण्यावर बोलणार. पुन्हा तेच सांगण्यात काही वाईट नाही, कुणासमोर सांगतोय याचं भान हवं.

सीक्वेलचं दुखणं थोडं निराळं. 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) आठवा. दोन माणसं, एक दिवस, पुण्याचे रस्ते, आणि त्यांची नावंसुद्धा आपल्याला कळत नाहीत. बाकी काही नाही, म्हणून त्यांच्या बोलण्याकडे कान लावून बसावं लागतं. मग २०१५ मध्ये दुसरा भाग आला, त्यात लग्न, दोन्हीकडची घरं, भरपूर पाहुणे. २०१८ च्या तिसऱ्यात बाळ. वाईट नव्हते, आईला तर दुसराच जास्त आवडतो. पण पहिल्यात जे नव्हतं त्यामुळेच तो पहिला होता. फ्रेड ब्रुक्सने १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये लिहून ठेवलंय की माणसाची दुसरी सिस्टीम सगळ्यात धोकादायक, कारण पहिल्या वेळी मोह आवरून बाजूला ठेवलेलं सगळं तो दुसऱ्यात कोंबतो. 'झपाटलेला' (१९९३) ते थ्रीडीतला 'झपाटलेला २' (२०१३) हा प्रवास याच चालीचा. त्यात लक्ष्याही नाही. त्याला तर कोणी रिप्लेस करूच शकत नाही.

असो. खरं सांगायचं ते वेगळंच होतं.

२०१६ च्या मे महिन्यात आम्ही सगळे पिकअपमध्ये बसून 'सैराट'ला गेलो होतो. नाना, म्हणजे माझे मोठे चुलते, पूर्वार्धात अख्ख्या थिएटरपेक्षा मोठ्याने हसत होते. परत येताना कुणी बोलेना. शेवटी नानाच म्हणाले, "पोरीनं दार उघडायलाच नको होतं." ताई, म्हणजे नानांची मुलगी, माझ्या शेजारी बसली होती. तिचं कॉलेजात कुणावर तरी मन होतं, ते जातीत बसणारं नव्हतं, आणि हे फक्त मला माहीत होतं. ती बाहेर बघत राहिली. त्यानंतर तिने तो विषय माझ्याकडेसुद्धा काढला नाही. पुढच्या वर्षी घरच्यांनी बघितलेल्या ठिकाणी तिचं लग्न झालं. (हे तिला विचारून लिहितोय. नाना ब्लॉग वाचत नाहीत.)

'सैराट' झाल्यावर नाना दोन दिवस नीट जेवले नव्हते, हेही सांगायला हवं. 'धडक' त्यांनी टीव्हीवर बघितला. "चांगलाय, पण शेवट उगीच वढून ताणून," म्हणाले आणि झोपायला गेले. मला त्या रिमेकचा राग आहे तो एवढ्यासाठीच. त्याने नानांना सोडून दिलं.

तर परवा 'धडक २' लावला. हा जातीचं नाव घेऊन बोलतो, अगदी उघड. मूळ तमिळ मला जास्त धारदार वाटला होता, पण इथे ती ओळ तरी कुणी पुसलेली नाही. नाना खाटेवर बसून बघत होते. कॉलेजातला एक प्रसंग चालू असताना ते उठले, टॉर्च घेतला. "लाईट आली आसंल, मोटर चालू करून येतो."

लाईट यायला अजून तास होता. चुलतभावाने रिमोट हातात घेऊन विचारलं, "दादा, थांबवू का नाना येईपर्यंत?"

मी म्हटलं, थांबव.