बचावपटूची नजर

गोल करणाऱ्याचे नाव गल्लीतल्या पोरांनाही पाठ असते. गोल अडवणाऱ्याची आठवण तो चुकला की निघते. गोव्याचे महेश गवळी भारताचे असेच बचावपटू. टाटा फुटबॉल अकादमीत ते घडले. २००३ मध्ये जकार्त्यात आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालच्या बचावफळीत ते होते. पुढे अनेक वर्षे धेंपोकडून खेळले.

खेळणे थांबल्यावर ते प्रशिक्षक झाले. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच निलंबित असताना उपांत्य आणि अंतिम सामन्यात सहायक प्रशिक्षक गवळींनी संघ सांभाळला. बंगळुरूत आधी लेबनॉन, मग कुवेतला भारताने पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवले.

बचावपटूला मागून सारे मैदान दिसते. गुडघे थकले तरी ती नजर शाबूत राहते. सातारा-सांगलीतल्या जुन्या खेळाडूंची आठवण आपण सत्काराच्या शालीपुरतीच ठेवू नये. शाळा-कॉलेजांनी त्यांना रीतसर मानधन द्यावे आणि रोज संध्याकाळी मुले त्यांच्या हाती सोपवावीत. रमजानच्या महिन्यात आपण सब्राविषयी पुष्कळ बोलतो. मैदानावर तो शिकवायला बचावपटूइतका चांगला उस्ताद मिळणार नाही.