वादळात बुजलेल्या सायकल ट्रेल्स साफ कोण करतं? स्वयंसेवकांच्या ‘फुकट’ श्रमांमागचं गणित समजून घ्या

२७ सप्टेंबर २०२४. ‘हेलीन’ चक्रीवादळ अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम डोंगराळ भागात पोहोचलं. आदल्या रात्री ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चौथ्या श्रेणीचं वादळ म्हणून धडकलं होतं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आल्यावर वाऱ्याचा जोर कमी झाला, पण पावसाचा झाला नाही. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभरहून जास्त माणसं गेली. राज्य सरकारने नुकसानीचा अंदाज काढला तो जवळपास ६० अब्ज डॉलरचा.

एवढ्या मोठ्या आपत्तीत सायकल चालवायच्या जंगलवाटांची काय कथा, असं कुणालाही वाटेल. पण या भागातल्या कित्येक गावांचं पोट या वाटांवर चालतं. त्या पुन्हा उघडण्यासाठी राबणाऱ्यांमध्ये मोठा वाटा पगार न घेणाऱ्या लोकांचा आहे. हे लोक नेमकं काय करतात आणि सरकारने त्यांच्यावर किती विसंबून राहावं, हेच आज समजून घेऊ.

आधी, या ट्रेल्स आहेत कुठे?

अ‍ॅपलाचियन पर्वतरांगेत अ‍ॅशव्हिल नावाचं शहर आहे. त्याच्या आजूबाजूला पिसगा हे राष्ट्रीय वन पसरलंय. पिसगा आणि शेजारचं नांताहाला मिळून क्षेत्रफळ भरतं सुमारे १० लाख एकर. जमीन केंद्र सरकारची, ताबा ‘यूएस फॉरेस्ट सर्व्हिस’ या केंद्रीय वनखात्याचा. पिसगातल्या चिंचोळ्या, दगड-मुळांनी भरलेल्या वाटा माउंटन बाइकवाल्यांमध्ये देशभर प्रसिद्ध आहेत.

इथलंच ओल्ड फोर्ट हे जेमतेम हजारभर वस्तीचं गाव घ्या. गावाला लागून असलेल्या जंगलात ४२ मैल, म्हणजे सुमारे ६७ किलोमीटर नव्या वाटा बांधायचा प्रकल्प वादळाच्या आधीच सुरू झाला होता. वाटा झाल्या की सायकलवाले येतील, ते आले की खानावळी, दुकानं, राहायच्या खोल्या चालतील, असा साधा हिशोब. हेलीनने या गावालाही झोडपून काढलं.

हेलीनने नेमकं काय केलं?

यान्सी काउंटीतल्या बुसिक इथे तीन दिवसांत ३० इंचांहून जास्त, म्हणजे सुमारे ७८० मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, त्यामुळे आपल्याला हा आकडा फार वाटणार नाही. पण अ‍ॅशव्हिलला अख्ख्या वर्षात साधारण हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस होतो. तिथल्या डोंगरउतारांना घाटमाथ्यासारख्या पावसाची सवय नाही.

परिणाम काय झाला? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २ हजारांहून जास्त दरडींची नोंद केली. राज्याच्या वनखात्याच्या अंदाजानुसार ८ लाख एकरांहून जास्त क्षेत्रावरच्या झाडांचं नुकसान झालं. जमीन आधीच भिजून सैल झालेली, त्यावर वारा. त्यामुळे झाडं नुसती मोडली नाहीत, मुळांसकट उपटली गेली. ट्रेलच्या कडेचं झाड असं उपटलं की मुळांबरोबर वाटेचा तुकडाही उचलला जातो आणि मागे खड्डा राहतो.

मग लोक लगेच करवत घेऊन का गेले नाहीत?

पहिलं कारण माणुसकीचं. स्वयंसेवक म्हणजे त्याच भागात राहणारी माणसं. त्यांचीच घरं चिखलात होती. अ‍ॅशव्हिलमध्ये नळाला पिण्यायोग्य पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला, म्हणजे ५३ दिवस लागले. अशा वेळी करवती आधी रस्त्यांवर आणि लोकांच्या अंगणात चालतात. ट्रेल नंतर.

दुसरं कारण, जंगलच बंद होतं. वादळानंतर फॉरेस्ट सर्व्हिसने दोन्ही वनं लोकांसाठी बंद केली आणि मग भागाभागाने उघडली.

तिसरं कारण सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. वादळाने पाडलेलं झाड कापणं हे उभं झाड तोडण्याइतकंच, कधी कधी त्याहून धोक्याचं असतं. एकावर एक पडलेल्या खोडांमध्ये प्रचंड ताण साठलेला असतो. वाकून अडकलेलं खोड चुकीच्या बाजूने कापलं, तर ते धनुष्यासारखं सुटतं. उपटलेल्या झाडाचं खोड कापून मोकळं केलं की मुळांचा भलामोठा गड्डा क्षणात मागे, पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात कुणी उभं असेल तर विषय संपला.

म्हणून केंद्राच्या जंगलात स्वयंसेवकालाही यांत्रिक करवत चालवायला प्रमाणपत्र लागतं. प्रशिक्षण, प्रत्यक्ष परीक्षा, प्रथमोपचाराचं शिक्षण आणि अनुभवानुसार ठरलेल्या पायऱ्या, असा सगळा प्रकार आहे. शिवाय १९७२ च्या राष्ट्रीय वन स्वयंसेवक कायद्यानुसार करारावर सही करावी लागते. सही केलेला स्वयंसेवक कामावर जखमी झाला, तर भरपाईसाठी त्याला सरकारी कर्मचाऱ्यासारखं धरलं जातं. परस्पर करवत घेऊन गेलेल्या उत्साही माणसाला हे संरक्षण नाही. वर परवानगीविना झाड कापल्याचा गुन्हा लागू शकतो तो वेगळाच.

झाड हटवलं की ट्रेल तयार?

नाही. झाड डोळ्याला दिसतं, पण ट्रेलचा खरा शत्रू पाणी आहे.

डोंगरातली वाट सरळ उताराच्या दिशेने गेली की पाऊस तिलाच ओढा समजतो. पाण्याला वेग येतो, ते माती घेऊन जातं, चर पडते. पुढच्या पावसात त्याच चरीतून आणखी पाणी जातं. गडावर जाताना वळणं टाळून मारलेला शॉर्टकट दोन पावसाळ्यांत घळ कसा होतो, हे आपल्याकडच्या ट्रेकर्सना वेगळं सांगायला नको.

हे टाळण्यासाठी १९८८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकल असोसिएशनने, म्हणजे ‘इम्बा’ने, काही साधे नियम रूढ केले. त्यातले तीन महत्त्वाचे:

• अर्ध्याचा नियम: वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगराचा उतार २० टक्के असेल, तर वाट १० टक्क्यांच्या आत. म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता ती ओलांडून खाली निघून जातं.

• बाहेरचा कल: वाटेला दरीच्या बाजूला साधारण ५ टक्के कल द्यायचा. पाणी आपोआप कडेवरून उतरतं.

• चढ-उताराची अदलाबदल: सलग उतारात अधूनमधून वाट थोडी वर चढवायची. त्या खोलगट जागी पाणी वाटेबाहेर पडतं.

आता वापर सुरू झाला की काय होतं? चाकांनी मधला भाग खचतो, दरीच्या कडेला मातीचा बांध साचतो आणि बाहेरचा कल मरतो. पाणी वाटेवरच अडकतं. म्हणून दर मोठ्या पावसानंतर स्वयंसेवक करतात ते काम दिसायला अगदी साधं असतं: कडेचा बांध खरवडून काढायचा, निचऱ्याच्या जागी साचलेला पाला आणि गाळ उपसायचा, खचलेल्या भागात दगड बसवायचे. हत्यारंही साधी. एका बाजूला दाते आणि दुसऱ्या बाजूला पातं असलेलं ‘मॅक्लाउड’, कुऱ्हाड आणि कुदळ एकाच दांड्यावर असलेलं ‘पुलास्की’.

आणि कुठे खणायचं हे कळायला सगळ्यात चांगली वेळ कोणती? भर पावसात. अनुभवी लोक रेनकोट घालून नुसतं चालत जातात आणि पाणी कुठे थांबतंय, कुठून वळतंय, ते बघून ठेवतात.

सायकलवाल्यांचं आणखी एक काम असतं, ते म्हणजे न जाणं. ओल्या मातीत चाकाने पडलेली रेघ वाळल्यावर तशीच राहते आणि पुढच्या पावसात तिची चर होते. आडवं पडलेलं झाड टाळून बाजूने जाणारे दहा जण नवी वाट पाडतात. तिथली माती धुपून शेवटी ओढ्यात जाते.

सरकार काय करतं?

इथे मुद्दा गुंतागुंतीचा होतो. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था ‘गाओ’ने २०१३ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या ट्रेल्सवर अहवाल दिला. देशभरात खात्याकडे १ लाख ५८ हजार मैल, म्हणजे सुमारे अडीच लाख किलोमीटर ट्रेल्स. त्यातल्या फक्त ३७ टक्क्यांवर २०१२ या आर्थिक वर्षात काहीतरी देखभाल झाली होती. खात्याच्या स्वतःच्या मानकांत बसणाऱ्या ट्रेल्स होत्या साधारण एक चतुर्थांश. थकलेल्या कामांची किंमत ३१.४ कोटी डॉलर. हे सगळं हेलीनच्या कितीतरी आधीचं.

संसदेने यावर दोन गोष्टी केल्या. २०१६ च्या कायद्याने स्वयंसेवक आणि भागीदार संस्थांकडून होणारी ट्रेल्सची देखभाल पाच वर्षांत दुप्पट करायचं उद्दिष्ट ठेवलं. २०२० च्या दुसऱ्या कायद्याने सरकारी जमिनींवरच्या थकीत कामांसाठी पाच वर्षं दरवर्षी १.९ अब्ज डॉलरपर्यंत तरतूद केली, पण त्यातला मोठा हिस्सा राष्ट्रीय उद्यानांसाठी ठरला होता. फॉरेस्ट सर्व्हिसच्या वाट्याला १५ टक्के.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये, हेलीनला पाच महिने होत नाहीत तोच, फॉरेस्ट सर्व्हिसच्या सुमारे ३,४०० परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना काढल्याच्या बातम्या आल्या. पुढच्या महिन्यात त्यांना तात्पुरतं परत घ्यायचा आदेश निघाला. पण त्याच मार्चमध्ये पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात वणवे पेटले आणि हेलीनने पाडलेली झाडंच त्यांना इंधन ठरली. ट्रेल्स बंद असतील, तर आग विझवणाऱ्यांनाही आत पोहोचायला वेळ लागतो.

स्वयंसेवक असताना कर्मचारी कशाला हवेत?

हा प्रश्न आता उघडपणे विचारला जातोय आणि त्याचं उत्तर ‘गाओ’च्या त्याच अहवालात आहे. स्वयंसेवकांमुळे काम वाढतं हे खरं, पण त्यांना सांभाळण्यात अधिकाऱ्यांचा वेळ जातो आणि प्रत्यक्ष कामाला कमी उरतो, असं त्यात नोंदवलंय.

विचार करा. करारावर सही कुणी घ्यायची? करवतीची परीक्षा कुणी घ्यायची? दरडीखाली गेलेली वाट नव्याने कुठून न्यायची, तिथे दुर्मिळ वनस्पती किंवा पुरातत्त्वाच्या खुणा आहेत का, हे कुणी तपासायचं? हे सगळं पगारी कर्मचाऱ्याचं काम. तो खुर्चीवर नसेल, तर तीस जण फावडी घेऊन दारात उभे राहिले तरी ट्रेल उघडत नाही.

शिवाय काही कामं स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेरचीच असतात. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यातल्या ३४ मैलांच्या ‘व्हर्जिनिया क्रीपर’ या सायकल वाटेचा वरचा अर्धा भाग हेलीनने पुलांसकट उद्ध्वस्त केला. पूल फावड्याने बांधला जात नाही. त्याला अभियंते आणि केंद्राचा निधीच लागतो.

फुकट श्रमांचीही किंमत असते

अमेरिकेत स्वयंसेवकाच्या एका तासाची किंमत दरवर्षी जाहीर होते. २०२५ मध्ये ‘इंडिपेंडंट सेक्टर’ या संस्थेने ती ३४.७९ डॉलर धरली. म्हणजे तीस जणांनी सहा तास काम केलं, तर एका दिवसाचे ६,२०० डॉलरहून जास्त झाले.

हा आकडा नुसता कौतुकासाठी नाही. केंद्राच्या एका ट्रेल अनुदान योजनेत साधारण ८० टक्के पैसे केंद्र देतं आणि २० टक्के वाटा इतरांनी उचलायचा असतो. त्या २० टक्क्यांत स्वयंसेवकांचे तास धरता येतात. म्हणून काम संपल्यावर हजेरीच्या कागदावर नाव आणि तास लिहिणं हे फावडं मारण्याइतकंच महत्त्वाचं.

थोडक्यात, ही पद्धत चालते ती दोन्ही पायांवर. स्थानिक सायकल संघटना, उदाहरणार्थ ‘पिसगा एरिया सोर्बा’, माणसं, हत्यारं आणि वाटांची बारीक माहिती आणतात. सरकार पैसे, परवानगी आणि जबाबदारी आणतं. स्वयंसेवक भरपूर आहेत म्हणून दुसरा पाय काढून घेतला, तर पहिलाही फार काळ टिकत नाही. लोक थकतात, नवे येत नाहीत आणि प्रमाणपत्रांची मुदत संपत जाते.

पिसगातल्या बऱ्याच वाटा आज पुन्हा चालू आहेत आणि त्याचं मोठं श्रेय सुट्टीच्या दिवशी डोंगरात गेलेल्या या माणसांना आहे. पण अजून कित्येक पडलेली झाडं जंगलात तशीच आहेत आणि चक्रीवादळांचा हंगाम दरवर्षी जून ते नोव्हेंबर येतोच. पुढच्या वादळानंतरही फावडी घेऊन लोक येतील. त्यांना आत सोडायला, काम नेमून द्यायला आणि जखमी झाल्यास जबाबदारी घ्यायला कुणी असेल का, हे वॉशिंग्टनमधल्या अर्थसंकल्पावर ठरणार आहे.