क्षय गेला, कानही गेले

परवा भाच्याने एक बातमी पाठवली. क्षयरोगावर म्हणे शरीरातल्याच पेप्टाइडांपासून नवं औषध येऊ घातलंय. खाली त्याचा शेरा: "मावशी, नैसर्गिक आहे, म्हणजे साइड इफेक्टची कटकटच नाही!"

मी जन्मभर मराठी शिकवलं, शास्त्रातलं मला बेताचंच कळतं. पण या शेऱ्यावर अडले.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. पेप्टाइड म्हणजे तशीच, पण थोड्या मण्यांची. यातली काही जंतू मारतात. १९८७ साली मायकेल झॅस्लॉफ यांना अशी पेप्टाइडं बेडकाच्या कातडीत सापडली. आपल्या पांढऱ्या पेशींतही ३७ मण्यांचं एक असतं, त्याचं नाव एलएल-३७. ते जंतूच्या आवरणाला चिकटून त्याला भोकं पाडतं. मारण्याची ही रीत नेहमीच्या गोळ्यांहून वेगळी, म्हणून जुन्या औषधांना न जुमानणारे जंतूही यापुढे नमतील, अशी आशा आहे.

आशा खरी आहे, पण अडचणीही आहेत. क्षयाच्या जंतूचं कवच मेणचट, आणि तो आपल्याच पेशींत दडून बसतो. शिवाय पेप्टाइड गिळलं तर पोट त्याला वरणातल्या प्रथिनासारखं पचवून टाकतं. म्हणजे बहुतेक वेळा सुईच आली.

आणि इथे मला माझा एक विद्यार्थी आठवतो. शेवटच्या बाकावर बसायचा, पण हळू आवाजात वाचलेली कविताही त्याला नेमकी ऐकू जायची. पुढे त्याला क्षय झाला, तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. कॅप्रिओमायसिनची इंजेक्शनं कित्येक महिने घेतली. क्षय गेला, पण कानही गेले. आता भेटला की मी वहीत लिहिते, तो बोलतो.

हे कॅप्रिओमायसिनही एक पेप्टाइडच! जंतूंपासूनच मिळालेलं, अगदी नैसर्गिक. त्याची मारण्याची रीत निराळी, हे मान्य. पण 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' नव्हे, एवढं त्यावरून कळावं. कॅप्रिओमायसिन आणि कानामायसिन वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलं. ते शक्य झालं कारण तोवर बेडाक्विलिनसारख्या गोळ्या हाताशी आल्या होत्या. आता बेडाक्विलिनलाही न जुमानणारे जंतू दिसू लागलेत, त्यामुळे नव्या औषधांची गरज आहेच. पेप्टाइडांवर संशोधन व्हावं, आणि आपल्या देशात तर सरकारने त्यावर हात सैल सोडून खर्च करावा. जगातल्या क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा आपल्याकडे आहे.

माझं म्हणणं एवढंच, की परीक्षा फक्त 'जंतू मेला का' या एका प्रश्नाची नसावी. गिळता येईल का, कान-मूत्रपिंडं शाबूत राहतील का, गरिबाला परवडेल का, हे प्रश्न पहिल्या दिवसापासून हवेत. आणि ते अशक्य नाही. ग्रिसेलिमायसिन हे १९६० च्या दशकातलं पेप्टाइड शरीरात नीट टिकत नाही म्हणून बाजूला पडलं होतं. त्यात थोडा बदल केल्यावर ते तोंडावाटे देऊनही उंदरांमध्ये लागू पडलं, असं २०१५ साली प्रसिद्ध झालं. उंदरांपासून माणसापर्यंतची वाट लांब असते, पण दिशा बरोबर वाटते.

भाच्याला एवढं सगळं लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं, "मावशी, तू बातमीची मजाच घालवलीस."

असेल. पण तो विद्यार्थीही हा ब्लॉग वाचतो. त्याच्यासमोर 'कटकट संपली' असं लिहायला माझा हात धजत नाही.