पक्षाघातानंतर : सेवा आणि श्रम

ज्या घरांत वडील माणसास पक्षाघाताचा झटका येतो, त्या घरांत सेवेची उणीव बहुधा पडत नाहीं. सून पाण्याचा पेला हातीं देते, नातू चपला पुढें ठेवतो, मुलगा दंड धरून न्हाणीघरांत नेतो. ही माया वंदनीय खरी. परंतु रुग्णाच्या अंगीं उरलेली हालचाल ती नकळत हिरावून घेते.

पक्षाघाताचें मूळ मेंदूंत असतें. तेथील रक्तवाहिनी गुठळीनें बंद होते किंवा फुटते, आणि त्या भागांतील पेशी मरतात. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहींत. मात्र मेंदूचे उरलेले भाग त्यांचें कांहीं काम शिकूं शकतात, आणि हें शिक्षण पुनःपुन्हा केलेल्या कृतीनें होतें. दुसरी गोष्ट दमाची. अंथरुणावर पडून राहिल्यानें हृदय व स्नायू दुबळे होतात. उलट, पाय ओढीत चालण्यास पूर्वीपेक्षां अधिक शक्ति लागते. मिळकत घटावी आणि खर्च वाढावा, तसा हा प्रकार! रुग्ण थकतो म्हणून निजतो, आणि निजल्यानें अधिकच दुबळा होतो.

हें चक्र मोडण्यास दम वाढविणारा व्यायाम हवा : भरभर चालणें, किंवा बसल्या जागीं सायकलीसारखें यंत्र पायांनीं फिरविणें. कॉक्रेन संस्थेनें २०२० सालीं ७५ प्रयोगांतील ३०१७ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. अशा व्यायामानें चालण्याचा वेग व तोल सुधारतो आणि परावलंबन कमी होतें, असें त्यांत आढळलें. अमेरिकन हार्ट असोसिएशननें २०१४ सालीं सांगितलेलें प्रमाण असें : आठवड्यांतून तीन ते पांच दिवस, दर वेळीं वीस ते साठ मिनिटें. अशक्त रुग्णानें पांच-दहा मिनिटांच्या खेपा कराव्या. चालतांना बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये, इतपत श्रम योग्य.

मात्र उतावीळ नको. पहिल्या चोवीस तासांतच रुग्णास वारंवार व फार वेळ उठविल्यास अपाय होतो, असें २१०४ रुग्णांवरील, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. डॉक्टरांनीं रक्तदाब व हृदय तपासून अनुज्ञा दिल्यावरच आरंभ करावा. छातींत कळ, घेरी किंवा धाप लागल्यास तत्काळ थांबावें. तोंड वांकडें झालें, वाचा अडखळली किंवा हातांतलें बळ गेलें, तर क्षणभरही न दवडतां रुग्णालय गांठावें.

घरच्या मंडळींनीं कामाची वांटणी करावी. सकाळीं कोणी, संध्याकाळीं कोणी रुग्णाबरोबर फिरावें. दुबळ्या बाजूस उभें राहावें, पण तोल जाईपर्यंत हात धरूं नये. वाटेंतील पायपुसणीं उचलावीं. सदऱ्याच्या गुंड्या त्यांच्या त्यांना लावूं द्याव्या. पावघटका लागली तरी लागो. त्या पावघटकेंत आपण स्वस्थ बसून राहणें, हीच त्या वेळची सेवा होय.