उसणीवर लाथ नको, रजा पाहिजे

नाशिकरोडच्या मालधक्क्यावर वाघीण खाली करत होतो. सिमेंट. एकशेचाळिसावी गोणी असंल. पाठीवर घेताना मान वाकडी राहिली आणि उजव्या फऱ्याच्या आत कुणी सुरा फिरवल्यासारखं झालं. श्वास अर्ध्यात अडकला. टोळीतला म्हातारा म्हणाला, "उसण भरली. पायाळू माणूस बघा."

दोस्तहो, हसू नका. पायाकडून जन्मलेल्या माणसानं पाठीला लाथ लावली की उसण जाते, असं आपल्याकडं अजून मानतात. मीही खाल्ली लाथ. उसण गेली नाही. लाथ खाऊन माणूस बरा होत असता तर आपल्या वस्तीत एकही पाठ दुखली नसती.

मग दवाखाना गाठला. तिथं कळलं ते इथं लिहितो, कारण आपल्या कवितेत पाठ ही नुसती उपमा असते. हजारो वर्षांचं ओझं वाहणारी वगैरे. मीही लिहिल्यात तसल्या ओळी. पण त्या पाठीत स्नायू असतात. मानेपासून खांद्यावर पसरलेला ट्रॅपिझियस. फरा मणक्याशी बांधून ठेवणारे ऱ्हॉम्बॉइड. जास्त ताण पडला की त्यांचे धागे तुटतात. ते लाथेनं जुळत नाहीत, क्वार्टरनं तर नाहीच नाही. शरीर जुळवतं, आपल्या वेळानं.

पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पंधरावीस मिनिटं, दिवसातून तीनचारदा. या दिवसांत रगडून मालिश नको. नंतर शेक. गोळी डॉक्टरला विचारून, आणि उपाशीपोटी नाही. ओझं बंद, पण अंथरूणही धरायचं नाही. चालायचं, खांदे हळू फिरवायचे, दोन्ही फरे मागं एकमेकांकडं ओढायचे. साधी उसण दोनतीन आठवड्यांत जाते, मोठी असली तर महिनादोन महिने खाते. छातीत दुखलं, दम लागला, हातपाय बधिर किंवा लुळे पडले, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर ती उसण नव्हे. तडक इस्पितळ गाठा. ताप येतोय, वजन उतरतंय आणि पाठ रात्रीही दुखतेय, तर मणक्याचा टीबी नाही ना, हे तपासून घ्या.

एवढं सोपं औषध. त्यात सगळ्यात महाग विश्रांती. कागदावर लिहिलं होतं, तीन आठवडे वजन उचलू नये. मुकादम म्हणाला, "तीन आठवडे? मग तुझ्या जागी दुसरा." उसण पाठीत भरली आणि उसनवारी घरात शिरली. नवव्या दिवशी मी धक्क्यावर हजर. दहाव्या दिवशी पुन्हा आडवा.

बर्फ फुकट मिळंल. विश्रांती मिळत नाही, ती मागावी लागते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनं 1967 साली सांगितलं, गड्यानं उचलायचं ओझं 55 किलोच्या वर नको. आमची गोणी 50 किलोची, म्हणजे हिशोबात बसते. पण दिवसाला दोनशे गोण्या म्हणजे 10 टन, ते कोण मोजतं? 2018 पासून युरियाची गोणी 45 किलोची झाली. कशासाठी? शेतात खत कमी पडावं म्हणून. हमालाची पाठ त्या हिशोबात नव्हतीच.

1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझं वाहणारा माणूस नोंदवहीत आला, त्याच्यासाठी मंडळं आली, मालकावर लेव्ही बसली. लढून मिळालेला कायदा आहे. पण ज्याचं नाव नोंदवहीत नाही, त्याच्या पाठीला मालक नसतो. म्हणून पहिलं काम, नाव नोंदवा. दुसरं, दुखापतीच्या रजेत मजुरी मागा. तिसरं काम मात्र आपलंच. टोळीतला एक पडला तर बाकीच्यांनी त्याचा वाटा चालू ठेवायचा, आणि परतल्यावर पहिला आठवडा त्याला थप्पीऐवजी हलकं काम द्यायचं. "बायकी झालास का" म्हणून चिडवणारा भाऊ मुकादमाचंच काम फुकटात करतो. आणि बायकांच्या डोक्यावरच्या पाट्या ज्यानं बघितल्यात तो तर असलं बोलणारच नाही.

मी आता बरा आहे. रोज सकाळी फरे मागं ओढतो, दहा वेळा. पाठ ताठ होते. ताठ पाठीनं मुकादमाशी बोलायला बरं पडतं.